जांभळ्या रविवारचा ग्लोरिया

गाव लहान, समुद्राच्या कडेला, आणि चर्च गावाच्या मानाने मोठं. चर्चच्या दारावर आतल्या बाजूने लाकडी माडी होती. त्या माडीवर नांग हेना तीस वर्षं गात होती, आणि त्यातली अठरा वर्षं गाणाऱ्यांची पुढारीण होती. नांग म्हणजे थोरली बहीण. गावात लहानमोठे सगळे तिला तसंच म्हणत. दिवसभर ती शिलाईयंत्रावर शाळेचे गणवेश शिवायची आणि शिवता शिवता गाणी निवडायची. कोणत्या रविवारी कोणतं गाणं हे तिने ठरवायचं आणि फादरांनी मान डोलवायची, असा शिरस्ताच पडून गेला होता.

नाताळाआधीचे चार आठवडे वाट बघण्याचे. आगमनकाळाचे. त्या दिवसांत वेदीवर फुलं नसतात, फादर जांभळा झगा घालतात आणि ग्लोरिया बंद असतो. ग्लोरिया म्हणजे देवाच्या गौरवाचं ते मोठं, आनंदाचं गाणं. पण आमच्या बेटांना पूर्वीपासून एक सवलत आहे. नाताळाच्या आधी सलग नऊ पहाटे मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, होते. त्या नऊ पहाटे झगा पांढरा, घंटा वाजतात आणि ग्लोरिया दणक्यात होतो. एरवी मात्र नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नांग हेनाला तर झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

म्हणून त्या रविवारी जे झालं ते न कळून झालं नाही.

आगमनकाळाचा पहिला रविवार होता. प्रवेशाचं गाणं संपत आलं होतं. नांग हेनाने माडीच्या कठड्यावरून खाली पाहिलं आणि दुसऱ्या बाकावर तिला पंखा दिसला. शिंपल्यांचा, पांढरा, सावकाश हलणारा. तो मिसेस लोफ्रांकोंचा पंखा होता. मिसेस लोफ्रांको शहरात बिशपांच्या गायनसमितीवर होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांनी नांग हेनाचं गाणं ऐकून म्हटलं होतं, “खेड्याच्या मानाने छान हो.” ते वाक्य नांग हेनाच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं होतं. आणि आज बाई आल्या होत्या तर गाणी कसली? संथ, कोरडी, जांभळी. नऊ पहाटांसाठी बसवलेला नवा ग्लोरिया, ऑक्टोबरपासून घासून घासून चकचकीत केलेला, त्यातला तिचा एकटीचा उंच सूर, हे सगळं बाईंना ऐकायला मिळणारच नव्हतं.

माडीवर मागच्या भिंतीला लागून पायपेटी होती. तिच्यावर नोंग पिस्तो बसायचे. नोंग म्हणजे थोरला भाऊ. वय सत्त्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू, अक्षरओळख नाही. पण गावातलं एकूण एक गाणं बोटांत. अडतीस वर्षं त्यांनी ती पेटी वाजवली होती. गाणारी मंडळी वेदीकडे तोंड करून उभी असायची, त्यामुळे पेटीकडे कुणाचं लक्ष नसायचं. नांग हेना दोन पावलं मागे सरकली आणि वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, “ग्लोरिया.”

नोंग पिस्तोंचे हात थांबले. “इंदाय, आज जांभळा आहे ना?” ते तिला अजून इंदाय म्हणायचे, म्हणजे पोरी. ती चौदा वर्षांची असताना पहिल्यांदा माडी चढली तेव्हापासून.

“वाजवा,” ती म्हणाली.

त्यांनी वाजवला. मंडळी क्षणभर गोंधळली, पण पेटी सुरू झाली की गळे आपोआप सुरू होतात. नांग हेनाने डोळे मिटून आपला उंच सूर लावला. तो लागलाही सुरेख. डोळे उघडले तेव्हा खाली फादर नेस्तोर हात वर करून उभे होते, आणि सगळं चर्च माना वळवून माडीकडे बघत होतं.

पेटीचा भाता फुसकन खाली बसला.

“बंधुभगिनींनो,” फादर ध्वनिवर्धकातून म्हणाले. तरुण माणूस, गावात येऊन चार महिने झालेले. “आपल्या गाणाऱ्यांना नाताळची फारच घाई झालेली दिसते. थोडं थांबू या. बाळाला निदान महिना तरी भरू द्या.”

चर्च हसलं. बायका रुमालात हसल्या, पुरुष उघड हसले. आणि तो पांढरा पंखा मिटला.

मिस्सा संपल्यावर फादरांनी सगळ्यांना झगे ठेवायच्या खोलीत बोलावलं. रागावलेले नव्हते ते. घाम पुसत त्यांनी विचारलं, “काय झालं हो? कुणी सुरू केलं?”

सगळे नांग हेनाकडे बघू लागले. पुढारीण तीच होती. मासे विकणारी सेरिंग, तिची कुमारे, म्हणजे तिच्या लेकीची धर्ममाता, अगदी शेजारी उभी होती. दाराबाहेर मिसेस लोफ्रांको कुणाशी तरी बोलत होत्या; त्यांचा आवाज आत येत होता. आणि नोंग पिस्तो अजून माडीवरच होते. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरायला वेळ लागायचा.

“पेटी सुरू झाली, फादर,” नांग हेना म्हणाली. “नोंग पिस्तोंचं आता वय झालंय. हात सवयीने गेले असतील. पेटी वाजल्यावर आम्ही तरी काय करणार?”

बोलायला जेवढा वेळ लागला तेवढाच. तोंडातून गेल्यावर तिला वाटलं, खोटं तरी कुठे आहे, पेटी आधी सुरू झाली हे खरंच आहे. फादर म्हणाले, “अरेरे. मोतीबिंदू आहे ना त्यांना? आणि विसरही पडू लागला का?”

“पडतो अधूनमधून,” नांग हेना म्हणाली. हे दुसरं होतं, आणि यात खरं काहीच नव्हतं.

फादरांनी कोणाला टाकून बोलायचं नाही म्हणून मऊपणे निकाल दिला: नोंग पिस्तोंना नाताळापर्यंत विश्रांती. तोवर नगरपालिकेतला कारकून रोमुलो, जो लग्नांत कीबोर्ड वाजवायचा, तो वाजवेल. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर फादरांनी स्वतः नोंग पिस्तोंचा हात धरून त्यांना हे सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. मग त्याने नांग हेनाकडे पाहिलं. ती गाण्यांच्या वह्या मोजत होती.

गावात बातमीला पाय लागतात ते असे. सोमवारी लोक म्हणत होते नोंग पिस्तो चुकले. बुधवारी म्हणू लागले नोंग पिस्तोंना भ्रम झालाय, त्यांना ईस्टर आणि नाताळ कळेना. शुक्रवारी नांग हेना दोऱ्याची रिळं घ्यायला दुकानात गेली, तेव्हा नोंग पिस्तो समोर उभे होते आणि दुकानदारीण त्यांच्या तळहातावर सुटे पैसे एकेक करून ठेवत मोठ्याने बोलत होती, जणू म्हातारा बहिराही झाला होता. “हे पाच, नोंग. हे अजून पाच. नीट धरा. घरचा रस्ता आठवतोय ना?”

“मी तुझ्या बापाला पोहायला शिकवलंय,” नोंग पिस्तो म्हणाले. “तो बुडत होता तेव्हा रस्ता कुणाला आठवला होता?”

दुकानदारीण हसली आणि नांग हेनाला डोळ्याने खूण केली: बघा, कसं बोलतात. नांग हेना रिळं न घेताच परत आली.

त्याहून वाईट किनाऱ्यावर होतं. नोंग पिस्तोंची लेक एदिता हिने बापाला होडी नेऊ देणं बंद केलं होतं. “विसरला आणि खोल पाण्यात गेला तर?” ती विहिरीवर सगळ्यांना सांगायची आणि डोळे पुसायची. “नांग हेना होती म्हणून कळलं हो. आम्ही घरात असून आमच्या लक्षात आलं नाही.” तिने चुलीजवळचे विळे, काड्यापेटी, सगळं उचलून ठेवलं होतं. एके दिवशी तिने नांग हेनाला पपया आणून दिल्या. आभार म्हणून. नांग हेनाने त्या घेतल्या. तिच्याच्याने एकही खाववली नाही, डुकरांना घातल्या.

दुसऱ्या आठवड्यात नोंग पिस्तो तिच्या घरी आले. हातात एक विजार होती, पाय आखूड करायला. ती विजार चांगली मापाची होती, हे शिवणकाम करणाऱ्या बाईला बघताक्षणी कळलं. म्हातारा स्टुलावर बसला.

“इंदाय,” तो म्हणाला, “एक विचारू? रागावू नकोस.”

“विचारा ना, नोंग.”

“त्या रविवारी. मला आठवतंय की तू मागे आलीस. वाकलीस. काहीतरी म्हणालीस. मी काहीतरी म्हणालो. असं मला आठवतंय.” त्याने कपाळ चोळलं. “पण सगळे म्हणतात माझे हात आपोआप गेले. एदिता म्हणते. फादर म्हणतात. सगळं गाव खोटं आणि मी एकटा खरा, असं कसं होईल? माझी आईही शेवटी शेवटी मेलेल्या माणसांशी बोलायची. तिलाही ते खरंच वाटायचं. म्हणून तुला विचारतो. तू शेजारी होतीस. तू आली होतीस का माझ्याजवळ? की ते मला नुसतंच दिसलं?”

यंत्राची सुई कापडात अर्धी रुतलेली होती. नांग हेनाने ती बाहेर काढली. एक शब्द पुरला असता. तो शब्द जिभेच्या टोकाशी आला आणि त्याबरोबर फादरांचा चेहरा आला, सेरिंगचा आला, पपया आणणारी एदिता आली, मिटलेला पंखा आला.

“असू दे, नोंग,” ती म्हणाली. “वय झालं की होतं सगळ्यांना. मनाला लावून घेऊ नका.”

म्हाताऱ्याने मान हलवली. एकदा, दोनदा. “बरं,” तो म्हणाला. “म्हणजे दिसलंच होतं.” आणि उठला. विजार विसरून गेला. किंवा विसरला नसेल, पण आता तो काहीही ठेवून गेला तरी विसरलाच म्हणायचं, अशी सोय तिनेच करून ठेवली होती. संध्याकाळी तिने विजारीचे पाय दोन बोटं आखूड केले, मग लाज वाटून पुन्हा उसवले, आणि शेजारच्या पोरीच्या हाती घरी पाठवली.

इकडे नऊ पहाटांची तयारी अडली होती. फादर म्हणाले होते, “आनंदाची गाणी निवडा, नांग हेना. पण लोकांना म्हणता येतील अशी.” कागदावर फक्त नवा ग्लोरिया होता. बाकी जुनी गाणी, कोळ्यांची, भात लावणाऱ्यांची, आज्यांनी म्हटलेली, ती कागदावर कधी नव्हतीच. ती नोंग पिस्तोंच्या बोटांत होती. रोमुलो गुणी माणूस, पण त्याच्या कीबोर्डात तयार ठेके होते आणि त्याला त्यांचा फार अभिमान. सरावाला त्याने एक बटण दाबलं आणि ग्लोरिया धडाधड नाचायलाच लागला.

“अगं बाई!” सेरिंग म्हणाली. “हा देवाचा गौरव आहे की माझ्या दिराचं तिसरं लग्न?”

मंडळी हसून लोळली. रोमुलो ओशाळून म्हणाला, “हळूही होतो, नांग. हे बघा.” दुसरं बटण दाबलं तर गाणं मयतीच्या चालीने सरकू लागलं.

“आता बरं,” सेरिंग म्हणाली. “आता नवरदेव मेला.”

नांग हेना हसली नाही. सेरिंगने तिच्याकडे तिरप्या नजरेने पाहिलं. “कुमारे, अठरा वर्षं झाली. नोंग पिस्तोंच्या हाताला तू ‘हूं’ म्हटल्याशिवाय मी त्यांना एक सूर धरताना पाहिलेलं नाही. यंदाच कसे गं हात आपोआप गेले?”

“वय झालंय,” नांग हेना म्हणाली.

“हो का,” सेरिंग म्हणाली, आणि वहीत तोंड घातलं.

त्या शनिवारी गावाची पापकबुली होती. नाताळाआधी सगळे जातात. नांग हेना ओळीत उभी राहिली आणि तिच्या डोक्यात एक विचार आला, तो तिला फारच चांगला वाटला. फादरांना सांगून टाकायचं. जाळीच्या पलीकडे माणूस तोच. तो ऐकेल, त्याला कळेल, उद्या तो नोंग पिस्तोंना माडीवर बोलावेल, गैरसमज झाला म्हणेल, आणि तिचं नाव कुठे येणार नाही. देवाचंही होईल, म्हाताऱ्याचंही होईल.

लाकडी खोक्यात गुडघे टेकून तिने सगळं सांगितलं. पंखा, कुजबूज, दोन्ही खोटी वाक्यं, आणि स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याला दिलेलं तिसरं. सांगताना रडली.

“तुम्ही त्याचं चांगलं नाव हिरावून घेतलंत,” जाळीपलीकडून आवाज म्हणाला, “ते त्याला परत द्या. प्रार्थना मी सांगतो त्या करा, पण नाव परत दिल्याशिवाय हे पुरं होत नाही.”

“देईन, फादर.”

बाहेर पडली तेव्हा तिला भूक लागली. कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी आगमनकाळाचा तिसरा रविवार, गुलाबी झग्याचा. वाट बघण्याच्या मधोमध देव एक दिवस हसायला देतो, तो हा. फादर गुलाबी झग्यात आले आणि ‘आनंद करा’ यावर बोलले. नांग हेना कठड्याला धरून उभी होती. आता म्हणतील. आता पेटीचं नाव काढतील. फादरांनी पहाटमिस्सांच्या वेळा सांगितल्या, गाड्या कुठे लावायच्या ते सांगितलं, आणि आशीर्वाद दिला.

मिस्सेनंतर तिने त्यांना अंगणात गाठलं. “फादर, नोंग पिस्तोंचं काय ठरवलंत?”

“त्यांचं काय?” फादर म्हणाले. चेहरा स्वच्छ, कोरा. “त्यांना विश्रांतीच दिलीय ना आपण. रोमुलो कसा वाटतो?”

“नाही, पण... काल मी तुम्हाला ते—”

“काल?” फादर तिच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. “काल आपण भेटलोच नाही, नांग हेना.”

तेव्हा तिला कळलं. त्या खोक्यात जे पडतं ते फादर बाहेर काढू शकत नाहीत. मान तोडली तरी नाही, त्यावरून बोटही हलवू शकत नाहीत. हेही इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. साऱ्या गावात अशी एकच जागा होती जिथून शब्द बाहेर पडत नाही, आणि ती नेमकी तिथे जाऊन बोलली होती. नकळत म्हणावं, तर तेही तिला म्हणवेना.

दोन दिवसांनी पहिली पहाटमिस्सा. चारला घंटा झाली. बांबूच्या चांदण्यांचे कागदी कंदील साऱ्या वाटेवर, दव पडलेलं, आणि लोक शाली गुंडाळून येत होते. इथे अशी श्रद्धा आहे की नऊच्या नऊ पहाटा ज्याने पुऱ्या केल्या त्याचं एक मागणं देव ऐकतो. मधली एक जरी चुकली तरी उरलेल्या आठांना अर्थ नाही. नोंग पिस्तोंनी पन्नास वर्षं नऊ चुकवल्या नव्हत्या. वादळाच्या वर्षी गळ्याइतक्या पाण्यातून आले होते म्हणतात.

पांढऱ्या झग्यात फादर आले. रोमुलोने बिनठेक्याचा सूर धरला, घंटा घणघणल्या, नवा ग्लोरिया झाला. एकटीच्या उंच सुरावर नांग हेनाचा गळा बसला. सेरिंगने तो सूर उचलून नेला, म्हणून खाली कुणाला कळलं नाही. नांग हेना बाकांवरून डोळे फिरवत होती. नोंग पिस्तो नव्हते.

मिस्सा संपली तेव्हा उजाडू लागलं होतं. अंगणात चुली पेटल्या होत्या, केळीच्या पानावर तांदळाच्या पिठाच्या गोड बिबिंका भाजत होत्या, मोठ्या किटलीत दाट कोको उकळत होता. सगळं गाव तिथेच उभं राहून खात होतं. एदिता एकटीच होती, हातात एका माणसापुरती बिबिंका बांधून घेत होती.

“नोंग कुठेत?” नांग हेनाने विचारलं.

“घरी. तीनलाच उठून कपडे घालून बसले होते, नांग. पांढरा सदरा, केस ओले करून. पण अंधारात कसं सोडू? मी बाहेरून कुलूप लावून आले.” एदिताने बिबिंकेची गाठ आवळली. “दार वाजवत होते. मग म्हणाले, जाऊ दे, मला यायचं होतं की नाही तेही मला आता खात्रीने सांगता येत नाही.”

नांग हेनाने हातातला कोकोचा पेला चुलीच्या कडेला ठेवला. पहिली पहाट गेली होती. ती आता फादर, बिशप, कुणीही परत आणणार नव्हतं.

“एदिता, तुझ्या बापाला काही झालेलं नाही,” ती म्हणाली. आवाज बसका होता, म्हणून तिला ओरडावं लागलं. “ऐका सगळे. त्या रविवारी पेटी मी सुरू करवली. मी त्यांना सांगितलं वाजवा. ते नको म्हणत होते.”

लोकांनी माना वळवल्या. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग दुकानदारीण पुढे आली आणि तिने नांग हेनाच्या दंडावर हात ठेवला.

“किती मोठं मन गं तुझं, नांग,” ती म्हणाली. “म्हाताऱ्याचं झाकायला स्वतःवर घेतेस.”

“खरंच,” कोणीतरी म्हणालं. “पहाटमिस्सेचं पुण्य बघा.” एदिता तर तिचा हात धरून रडायलाच लागली. “नको, नांग. आमच्यासाठी एवढं नको.”

नांग हेनाला वाटलं, आता थांबलं तरी चालेल. आपण सांगितलं. त्यांनी मानलं नाही, त्याला आपण काय करणार? ती वाट किती सरळ होती. आणि ती वाट तिला ओळखीची वाटली. अशाच एका सोयीवरून तर ती इथवर आली होती.

“झाकत नाही,” ती म्हणाली. “मिसेस लोफ्रांको दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्या मला खेड्याच्या मानाने छान म्हणाल्या होत्या. मला त्यांना माझा सूर ऐकवायचा होता. म्हणून मी जांभळ्या रविवारी ग्लोरिया करवला. नोंग म्हणाले, इंदाय, आज जांभळा आहे ना? तरी मी करवला. हसं झालं तेव्हा मी फादरांना म्हटलं की ते विसरतात. ते विसरत नाहीत. गेल्या आठवड्यात ते माझ्या घरी आले आणि मला विचारलं, मी वेडा झालो का. मी हो म्हटलं. एदिता, तू पपया आणल्यास. त्या मी डुकरांना घातल्या.”

दुकानदारिणीने दंडावरचा हात काढून घेतला. पपयांपर्यंत येईतो कुणालाच शंका उरली नव्हती. असलं कोणी दुसऱ्याचं झाकण्यासाठी रचत नाही. फादर नेस्तोर चर्चच्या पायरीवर उभे होते. एदिताने कमरेला बांधलेली किल्ली सोडली, ती हातात घट्ट धरली आणि निघाली. नांग हेना तिच्या मागोमाग निघाली. एदिताने वळून पाहिलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही.

नोंग पिस्तो पांढऱ्या सदऱ्यात खिडकीशी बसले होते. नांग हेना दारातच उभी राहिली. आत ये असं कुणी म्हटलं नव्हतं. तिने तिथूनच सांगितलं.

म्हाताऱ्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलंच नाही. “मी काय म्हणालो होतो?” त्याने विचारलं. “नेमकं सांग.”

“इंदाय, आज जांभळा आहे ना.”

“त्याआधी तू?”

“ग्लोरिया.”

“कुठल्या कानात?”

“उजव्या.”

नोंग पिस्तोंनी उजवा कान चाचपला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मोठा श्वास सोडला. “म्हणजे माझं डोकं शाबूत आहे,” ते एदिताला म्हणाले. “ऐकलंस?” एदिता त्यांच्या पायाशी बसून हुंदके देऊ लागली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर थापटलं. “बिबिंका आणलीस का? आण इकडे.”

ते खाऊ लागले. नांग हेना उभीच होती. माफ करा, असं ती दोनदा म्हणाली. म्हाताऱ्याने घास गिळला.

“पेटीचं जाऊ दे,” ते म्हणाले. “हसं झालं तेही जाऊ दे. माणूस घाबरतो, तोंडातून जातं. पण मी तुझ्या घरी आलो होतो, इंदाय. विजार घेऊन. मी रोज रात्री माझ्या पोरांची नावं मोजायचो, विसरलो तर नाही ना बघायला. जी मेली तीही.” ते थांबले. “ते माफ करायला मला वेळ लागेल. जमेल की नाही, तेही आज सांगत नाही.”

“हो, नोंग,” नांग हेना म्हणाली.

“तुम्ही माडीवर या उद्यापासून,” त्यांनी शेवटचा घास घेतल्यावर ती म्हणाली. “मी उतरते. मी खाली बसते.”

“छान,” नोंग पिस्तो म्हणाले. “म्हणजे तू खाली बसून मान घालणार आणि लोक तुझी कीव करणार. आणि गाणार कोण? सेरिंग? ती मासे विकल्यासारखी गाते.” त्यांनी बोटं पुसली. “माझ्या नऊ तर गेल्या. यंदा मला मागायचं काही नाही. मी खाली बसून ऐकेन. अडतीस वर्षांत एकदाही खाली बसून ऐकलेलं नाही. तू वर जा आणि निवड.”

“काय निवडू?”

“पुढारीण तू आहेस.”

दुसऱ्या पहाटे माडीवर कुणी तिच्याशी बोललं नाही. सेरिंगने तिच्यासाठी कठड्याजवळची जागा रिकामी ठेवली होती, एवढंच. त्यात माया होती की सगळ्यांना ती नीट दिसावी असा हेतू होता, ते नांग हेनाला कळलं नाही. खाली लोक येताना वर बघत आणि एकमेकांच्या कानाशी लागत. नोंग पिस्तो एकटे चालत आले, कोणाचा हात न धरता, आणि तिसऱ्या बाकावर बसले. शेजारचे उठून जागा देऊ लागले. दुकानदारिणीने दोन्ही हात जोडले. म्हाताऱ्याने कुणाकडे लक्ष दिलं नाही.

नांग हेनाने नवा ग्लोरिया बाजूला ठेवला होता. रात्रभर शिलाईयंत्रापुढे बसून तिने जुन्या ग्लोरियाचे शब्द आठवून आठवून लिहिले होते, तोच जो कोळी जाळं ओढताना गुणगुणतात. त्यात एकटीचा सूर कुठेच नव्हता. रोमुलोला चाल येत नव्हती, तेव्हा ती त्याला म्हणाली होती, तू नुसता एक स्वर धरून ठेव.

फादरांनी पांढऱ्या बाहीचा हात उचलला. घंटा सुरू झाल्या. आनंदाने गा, असं त्या गाण्यात पहिल्याच ओळीला आहे. नांग हेनाचा चेहरा कानापर्यंत जळत होता. सगळं चर्च तिच्याकडे बघत होतं आणि तिला तोंड उघडायचं होतं. तिने उघडलं. पहिली ओळ तिने एकटीने, बसक्या गळ्याने म्हटली. दुसऱ्या ओळीला खालच्या आज्या लागल्या, मग मागचे कोळी, मग सगळे. इतका मोठा आवाज झाला की तिचा त्यात ऐकू येईना.

नोंग पिस्तो उभे होते. ते गात नव्हते आणि वर बघतही नव्हते. तोंड वेदीकडे करून नुसते ऐकत होते. अजून सात पहाटा होत्या, आणि प्रत्येक पहाटेला तिला ते तिथे असेच उभे दिसणार होते. तिने पुढचं कडवं उचललं.